आठ चौक आणि एक खोली

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा चौथा अंक ज्यांनी मुळातून किंवा भाषांतरातून वाचला असेल, त्यांना मैत्रेयाची वसंतसेनेच्या घरातली ती फेरी विसरता येणार नाही. चोरीस गेलेल्या दागिन्यांच्या बदल्यात चारुदत्ताने दिलेली रत्नमाला घेऊन हा भोळा, खादाड ब्राह्मण तिच्या दारी येतो आणि एकामागून एक आठ चौक ओलांडतो. कुठे बैल, घोडे आणि हत्ती; कुठे सोंगट्यांचे पट; कुठे मृदंग आणि वीणा; कुठे फोडणीचा वास सुटलेले स्वयंपाकघर; कुठे सोनार-जवाहिऱ्यांची लगबग. सातव्या चौकात पिंजऱ्यांतून पोपट आणि मैना बोलत असतात. आठव्यात वसंतसेनेची लठ्ठ आई बसलेली असते. मैत्रेयाला प्रश्न पडतो, हे गणिकेचे घर म्हणावे की कुबेराचा वाडा?

देवलांच्या 'संगीत मृच्छकटिका'मुळे ही वसंतसेना मराठी घरांत इतकी ओळखीची झाली की तिचा धंदा कोणता, हे आजीबाईंनाही अडचणीचे वाटेनासे झाले. मला मात्र तिच्या घराविषयी नेहमी एक कुतूहल वाटत आले आहे. आठ चौकांच्या या लांबलचक वर्णनात वसंतसेनेची स्वतःची खोली कुठे आहे? हत्तीचा खुराक सांगणारा कवी आणि आईच्या पोटाचा घेर सांगणारा विदूषक त्या खोलीपाशी मुके होतात. मैत्रेयाची आणि तिची भेट होते ती बागेत. आपल्या साहित्याने आणि पुढे चित्रपटाने अशा घरांकडे ज्या रीतीने पाहिले, तिचा उगम मला इथे दिसतो. चौक दाखवायचे, खोली झाकायची.

हा विषय दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायचा का, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की सध्या या घरांपैकी एक अख्खी वस्ती पाडून नव्याने बांधण्याचे घाटते आहे, आणि त्या वस्तीचे काय राखायचे व काय टाकायचे हे ठरवण्याची वेळ सणावाराची वाट पाहत नाही. ही वस्ती म्हणजे मुंबईचा कामाठीपुरा. म्हाडाच्या समूह पुनर्विकास योजनेत सुमारे ३४ एकरांचा हा भाग आला आहे. जुन्या उपकरप्राप्त इमारती जाऊन तिथे उंच मनोरे येणार. ते येऊ नयेत असे कुणी म्हणू नये. ज्या चाळींचे जिने टेकू देऊन उभे आहेत, तिथे राहणाऱ्यांना चांगले घर मिळायलाच हवे. प्रश्न एवढाच की या उलथापालथीत त्या जागेची आठवण कोणत्या रूपाने उरणार?

नायगावात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न जरा वेगळ्या अंगाने भिडतो. आमच्या गावाच्या पूर्वेला दूरचित्रवाणीच्या मालिकांचे स्टुडिओ आहेत. प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांतून तिथे राजवाडे, हवेल्या, देवळे आणि वेळ पडली तर कोठेही उभे राहतात. खांबाला टिचकी मारली तर पोकळ वाजतो. मालिका संपली की सारे मोडून दुसरे काही बांधतात. गावापासून थोड्याच अंतरावर वसईचा किल्ला आहे. पोर्तुगिजांच्या चर्चांच्या भिंती आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेले बुरूज पुरातत्त्व खात्याने संरक्षित केले आहेत. म्हणजे खरी भिंत जपणे आणि खोटी भिंत रंगवणे, हे दोन्ही व्यवहार आमच्या एकाच पंचक्रोशीत चालतात. कामाठीपुऱ्याच्या वाट्याला यांपैकी कोणता व्यवहार येणार, हे ओळखायला फार बुद्धी लागत नाही.

वसईचे आणि त्या वस्तीचे आणखी एक नाते आहे, ते शब्दाचे. कामाठीपुऱ्याला लागून जाणारा फोरास रोड, म्हणजे आजचा आर. एस. निमकर मार्ग. 'फोरास' हा शब्द पोर्तुगीज 'फोरा' म्हणजे 'बाहेर' यावरून आला, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. बाहेरच्या, पडीक जमिनीवरच्या साऱ्याला तो शब्द लागला आणि तिथून रस्त्याला. ही जमीन खरोखरच बाहेरची होती. हॉर्नबी वेलार्डचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८४च्या सुमारास, पुरा होईपर्यंत भरतीचे पाणी तिथवर शिरत असे. दलदल बुजू लागल्यावर तेलंगणातून आलेले कामाठी मजूर तिथे राहिले. मुंबईची घरे बांधणाऱ्या या माणसांच्या नावाने वस्ती ओळखली जाऊ लागली. तटबंदीच्या आत कंपनीचे शहर, तटाबाहेर देशी पेठा आणि त्यांच्याही पलीकडे ही कडेची वस्ती. आज दक्षिण मुंबईच्या पोटात असलेला कामाठीपुरा एके काळी शहराची वेस होता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचा पुढला इतिहास उमगत नाही.

कारण शहराला जे हवे असते पण दाखवायचे नसते, ते शहर वेशीवर नेऊन ठेवते. गोऱ्या फौजेच्या छावण्यांतून सैनिकांसाठी 'लाल बाजार' वसवले गेले होते. १८६४च्या छावणी कायद्याने त्यांना सरकारी नोंदवही मिळाली. १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा झाला. तो मुंबईत लागू झाल्यावर स्त्रियांची नोंद आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली; तपासणी स्त्रीची, रोग ज्याच्याकडून आला त्याची नव्हे. विरोध झाला, कायदा मध्ये थांबला, पुन्हा आला आणि १८८८ साली रद्द झाला. पण नोंदवहीने एक काम करून ठेवले होते. जे विखुरलेले होते ते तिने ठरावीक गल्ल्यांत गोळा केले. शुक्लाजी स्ट्रीटवर युरोपातून आणलेल्या स्त्रिया राहत, म्हणून तिला 'सफेद गल्ली' म्हणत. शेजारीच नाटकगृहे उभी राहिली. 'प्ले हाऊस'चे लोकांच्या तोंडी 'पिला हाऊस' झाले. तमाशाचे फडही त्याच भागात रंगत, आणि फॉकलंड रोडला पुढे लावणीचे शाहीर पठ्ठे बापूराव यांचे नाव दिले गेले.

आता या घरांची बांधणी पाहा. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने त्यांत काही विशेष नाही. ती मुंबईच्या इतर चाळींसारखीच. लाकडी जिना, समोर सज्जा, आत खोल्या. विशेष आहे ते आतले उपविभाजन. एका खोलीत फळ्यांचे आडोसे घालून तीन-चार जागा केलेल्या, किंवा नुसते पडदे सोडलेल्या खाटा. वर झोपायला माळा. रस्त्याच्या पातळीवरच्या खोल्यांना गज, म्हणून त्यांना 'पिंजरे' म्हणत. वसंतसेनेच्या सातव्या चौकात पिंजऱ्यात पोपट होते. इथे गजांआड कोण होते हे सांगायला नको. घर चालवणारी बाई 'घरवाली'. हा शब्द मराठी कानाला किती चमत्कारिक लागतो पाहा! जिच्याशी माणसाने संसार मांडला तिच्यासाठी असलेले नाव, जिथे संसार मुळी शक्यच नाही त्या घराच्या मालकिणीला.

या खोल्यांतला दिनक्रम आपल्याला कुठून कळतो? कवींकडून फारसा कळत नाही. तो कळतो पोलीस आणि न्यायालय यांच्या दप्तरांतून. १९१७ साली डंकन रोडवरच्या अशाच एका घरात आकूताई नावाच्या स्त्रीचा छळ होऊन मृत्यू झाला. त्या खटल्याने मुंबई हादरली आणि अशा घरांची चौकशी सुरू झाली. १९२३ साली मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसायाला आळा घालणारा कायदा झाला, त्यामागे जी हवा तयार झाली तिच्यात या प्रकरणाचा वाटा होता. इतिहासकार अश्विनी तांबे यांनी या खटल्याची कागदपत्रे बारकाईने वाचली आहेत. त्या घरातल्या स्त्रियांना बोलण्याची संधी मिळाली ती एक जण मेल्यावर, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. पुन्हा पिंजराच.

एवढी पार्श्वभूमी ध्यानात घेऊन आता कलाकृतींकडे वळू. वास्तू जपण्याचे काम दगडविटांनी जसे होते तसे शब्दांनी आणि चित्रांनीही होते. किंबहुना आपल्या देशात ते शब्दांनीच अधिक झाले आहे. १९७२ हे साल या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी कमाल अमरोहींचा 'पाकीजा' पडद्यावर आला आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' छापून निघाला. एकाच विषयाची दोन घरे एकाच वर्षी उभी राहिली. 'पाकीजा'चा बाजार स्टुडिओत बांधलेला. त्यातली कमान, कारंजे आणि झुंबर शूद्रकाच्या आठ चौकांचे थेट वारसदार. तो चित्रपट सुंदर आहे, आणि त्या सौंदर्याला मी नाके मुरडणार नाही. मीनाकुमारीचा चेहरा त्या झुंबराखाली जे सांगतो ते पुष्कळ आहे. पण या घरात भाडे कोण देतो, पाणी कुठून येते, आजारी पडल्यावर कुठे निजायचे, हे प्रेक्षकाला कधी विचारावेसे वाटत नाही.

'गोलपिठा' नेमका तिथून सुरू होतो. ढसाळ त्या वस्तीत लहानाचे मोठे झाले. त्यांच्या कवितेवर चर्चा झाली ती बहुधा विद्रोहाच्या आणि शिवराळपणाच्या अंगाने. सभ्य वाचकाने कान झाकले आणि क्रांतिकारक वाचकाने टाळ्या पिटल्या. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. या संग्रहाची एक मोठी कामगिरी संरक्षणाची आहे. गल्लीतले शब्द, धंद्यातली नावे, खाण्यापिण्याच्या आणि रोगराईच्या संज्ञा त्याने जशाच्या तशा उचलल्या. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिण्याआधी कवीबरोबर ती वस्ती पायी पाहिली. मराठीचा इतका जाणता नाटककारही आपल्याच शहरात वाटाड्याशिवाय वाचू शकला नाही, ही गोष्ट त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठीवरचा मोठा अभिप्राय आहे. इमारती पडतील तेव्हा त्या शब्दांत खोलीचे माप शिल्लक राहील. मात्र त्या संग्रहाचीही एक मर्यादा आहे. खोलीतली स्त्री तिथे कवीच्या संतापातून दिसते. तो संताप खरा आहे, परंतु तो तिचा नव्हे.

श्याम बेनेगलांचा 'मंडी' (१९८३) आणखी एक पाऊल टाकतो. गुलाम अब्बास यांच्या 'आनंदी' या उर्दू कथेवर तो आधारलेला आहे. कथेची कल्पना साधी आणि जहरी आहे. गावचे प्रतिष्ठित ठराव करून या स्त्रियांना गावाबाहेर उजाड माळावर हाकलतात. हळूहळू तिथे पानवाला येतो, फुलवाला येतो, मशीद उभी राहते, दुकाने होतात आणि माळाचे शहर बनते. शेवटी त्या नव्या शहराची नगरपालिका पुन्हा तोच ठराव चर्चेला घेते. वेशीवर वसवायचे, वेस शहरात आली की पुढच्या वेशीवर ढकलायचे. कामाठीपुऱ्याचे पाणी भरल्यापासूनचे चरित्र या एका कथेत मावते. 'मंडी'त घर हे पात्र आहे. रुक्मिणीबाई झालेल्या शबाना आझमी जिना चढता-उतरताना साऱ्या घराचा हिशेब डोळ्यांत वागवतात. भांडी, वाळत घातलेले कपडे, भांडणे, हसणे, आजारपण, सगळे तिथे आहे. ते घर पाहताना हसू येते आणि हसल्याबद्दल ओशाळायलाही होते. खोलीचे दार निदान किलकिले करणारा हिंदी चित्रपट म्हणून मी त्याचे नाव घेईन.

त्या मानाने संजय लीला भन्साळींचा 'गंगूबाई काठियावाडी' (२०२२) पुन्हा चौकात येतो. त्यातला कामाठीपुरा गोरेगावच्या चित्रनगरीत उभारला होता. खरा कामाठीपुरा तिथून लोकलच्या तासाभराच्या अंतरावर, टेकू लावून उभा होता. आलिया भट्ट यांच्या अभिनयातला करारीपणा नाकारता येत नाही. पण चित्रचौकट इतकी रेखीव आहे की दारिद्र्यालाही रंगसंगती सांभाळावी लागते. चित्रपटाला खुद्द वस्तीतल्या काही रहिवाशांनी हरकत घेतली. कामाठीपुऱ्यात कारागीर राहतात, दुकानदार राहतात, शिकणारी मुले राहतात. पत्ता सांगितला की त्यांना सोयरीक आणि नोकरी दोन्ही अवघड होते. त्यांची तक्रार कलेच्या दृष्टीने ढोबळ म्हणता येईल. परंतु तिच्यात संरक्षणाच्या साऱ्या वादाचे मर्म आहे. ज्या आठवणीचा तुम्ही देखावा करता, तिच्यात कुणीतरी अजून राहत आहे.

मग खरी इमारत राखली तर काय होते? याचे एक उदाहरण दूरदेशीचे आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ब्यूट नावाचे तांब्याच्या खाणींचे गाव आहे. सरहद्दीवरच्या त्या गावात खाणकामगारांची गर्दी झाली आणि तिच्या मागोमाग १८९० साली 'ड्यूमा' नावाचे घर उभे राहिले. ते १९८२पर्यंत, म्हणजे नव्वदाहून अधिक वर्षे, त्याच धंद्यासाठी चालू होते. पुढे ते संग्रहालय म्हणून लोकांना दाखवले जाऊ लागले. या घराची खरी शिकवण मजल्यांत आहे. वर प्रशस्त दालने. तळघरात मात्र खाट आणि उभे राहण्यापुरती जागा एवढ्याच मापाच्या कोठड्या. एकाच छपराखाली धनिकाचा मजला आणि मजुराचा मजला. हे कोणत्याही ग्रंथापेक्षा तो जिना उतरताना लवकर कळते. पण अशा संग्रहालयांना एक रोग जडतो, तो गमतीचा. लाल दिवा, झालरीचे पडदे, भुताच्या गोष्टी, आणि प्रवासी हसत बाहेर पडतो. तळघर राखूनही चौकच दाखवता येतो, हा त्यातला धडा.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो सामान्य माणसाचा नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे भाषण केले. हे जिणे सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. पोट कसे भरायचे हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होते. त्याला शेकडो मार्ग आहेत, पण हा मार्ग सोडलाच पाहिजे, असा त्यांचा रोख होता. ज्या जागेतून बाहेर पडा असे इतक्या मोठ्या माणसाने कळवळून सांगितले, ती जागा वारसा म्हणून जपायची? हा प्रश्न टाळून संरक्षणाची भाषा करणारा माणूस एक तर भाबडा असतो किंवा व्यापारी.

माझ्या मते उत्तर 'मृच्छकटिका'तच आहे. आठ चौकांचे ते वैभव ज्या नाटकात आहे, त्या नाटकाची नायिका ते सोडू पाहते. शेवटी राजा तिला 'वधू' हे नाव देतो, तेव्हा नाटक पुरे होते. नाटककाराने घर वर्णिले, कारण त्यातून बाहेर पडण्याची किंमत प्रेक्षकाला कळावी. सुटकेची आठवण ठेवायची तर कशातून सुटलो ते ठिकाण माहीत असावे लागते. आणि आपण तर सुटकेची ठिकाणेही राखत नाही. १९२२ साली उभे राहिलेले परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. खोलीही जाणार आणि खोली सोडायला सांगणारा सभामंडपही जाणार, तर उरेल काय? चित्रनगरीतले प्लास्टर.

मुंबईने वारसा वास्तूंसाठी १९९५ साली नियम केले. त्यांत श्रेणी आहेत. २०१८ साली शहरातल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. कमान, घुमट, सज्जाची नक्षी या मापांनी मोजायला बसलो तर कामाठीपुऱ्यातल्या फळीच्या आडोशाला एकही गुण मिळणार नाही. म्हणून माप बदलावे लागेल. मला अख्खी गल्ली राखलेली नको. एक घर पुरे. त्यातही दर्शनी सज्जा सजवण्याआधी सर्वांत लहान खोली, आहे त्या मापाची, राखावी. तिथे काय लिहायचे ते त्या खोल्यांत आयुष्य काढलेल्या स्त्रियांना विचारून लिहावे. त्यांनी 'काही लिहू नका' म्हटले तर भिंत कोरी ठेवावी. आणि तिथे मुलांची आठवण अवश्य असावी. आई कामात असताना मूल खाटेखाली किंवा माळ्यावर निजे. म्हणून 'प्रेरणा' या संस्थेने १९८८ साली कामाठीपुऱ्यात रात्रीचे पाळणाघर सुरू केले. रात्री मुलाने कुठे झोपावे, या एका प्रश्नातून त्या इमारतीचा नकाशा जितका स्पष्ट होतो तितका कोणत्याही आराखड्यातून होणार नाही.

पण त्या खोलीआधी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावाचून बाकी सारे पोकळ खांबासारखे वाजेल. पुनर्विकासाची भाषा 'पात्र' आणि 'अपात्र' या दोन शब्दांत चालते. पात्र तो, ज्याच्याजवळ भाडेपावती आहे, नाव चढलेला कागद आहे. घरवालीच्या खोलीत खाटेचे भाडे रोजच्या रोज देणाऱ्या बाईजवळ कसला कागद असणार? एके काळी सरकारने तिची नोंद केली ती तपासणीसाठी. आज तिच्या नावाची नोंद हवी आहे ती घरासाठी. वसंतसेनेच्या नावापुढे 'वधू' लिहायला राजा लागला. हिच्या नावापुढे 'पात्र' लिहायला एक कारकून पुरेल, फक्त त्याला तसे सांगणारे कुणी हवे. ते सांगितले गेले नाही, तर उद्या कुणी ती लहान खोली काच लावून, दिवा सोडून कितीही निगुतीने राखली तरी मी तिला संरक्षण म्हणणार नाही. राहणारीला घालवून राखलेली खोली, तो नववा चौक होईल.